सूर्याचं परमिट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बायको म्हणते, दूधवाल्यानं दूध घातलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग पातेल्याकडे. खरंच आहे ते. माझे वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते. सिग्नल काही का दाखवेना, वाकून रुळाला हात लावल्याशिवाय त्यांनी कधी रूळ ओलांडला नाही. तेच माझ्यात उतरलं. पुढे मी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात लागलो, कंट्रोल रूममध्ये, आणि तिथं तर संशय घेण्याचाच पगार मिळतो. काटा दाखवतो म्हणून ते खरं, असं तिथं कुणी धरून चालत नाही. दर तासाला नोंद करायची, मागच्या तासाशी ताडून बघायची, पाळी बदलताना पुढच्या माणसाला वाचून दाखवायची, दोघांनी सह्या करायच्या आणि मगच डबा उचलायचा. बत्तीस वर्षं हे केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, डोकं काही रिकामं झालं नाही.

मुलीचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला तेव्हा मी विहारात पेढे वाटले होते. मनात होतं, ही आपल्याच केंद्रात लागेल, आपल्याच खुर्चीवर बसेल. तर ही पोरगी गेली सोलरमध्ये! घरांच्या छपरावर पॅनल बसवून देणारी एक छोटी कंपनी होती, तिथं कंत्राटावर लागली. मला तर डोक्यात तिडीकच गेली. बापानं आयुष्यभर कोळसा जाळून नाशकाला उजेड दिला आणि लेक निघाली उन्हाची दुकानदारी करायला. बोललोही तसं. ती फक्त हसली. लहानपणापासून ती माझ्याशी भांडत नाही, हसते, आणि त्यानं मी जास्त चिडतो.

माझं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं, हेही सांगतो. दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर असतं तेव्हा वीज लागते कुणाला? संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सगळं एकदम सुरू होतं, आणि तेव्हा तुमचा सूर्य गेलेला असतो घरी. मग कोण धावतं? आमचं केंद्र धावतं. अजून नोकरीत असलेली माझ्या हाताखालची मुलं सांगायची की हल्ली दुपारी वरून फोन येतो, भार कमी करा, सोलरची वीज भरपूर आलीय, आणि ऊन उतरायला लागलं की पुन्हा फोन, चढवा, चढवा. अरे, बॉयलर म्हणजे काय स्कूटर आहे, घडीत पिळायची आणि घडीत सोडायची? म्हाताऱ्या यंत्राला असं नाचवलं तर ते मोडणारच. आणि मोडलं की म्हणणार, बघा, कोळशाचे दिवस संपले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं माझं सोलरबद्दलचं मत होतं, आणि ते मी पिठाच्या गिरणीसमोरच्या बाकावर रोज बोलून दाखवत असे.

त्या बाकावर बसणारे सगळे आमच्याच केंद्रातले. निवृत्त होऊन आम्ही बारा जणांनी नाशिकरोडच्या बाजूला एकाच गल्लीत बैठी घरं बांधली. कोण टर्बाइनचा, कोण कोळसा विभागाचा, कोण स्टोअरचा. माझ्या शेजारी माझे जुने शिफ्ट इन्चार्ज राहतात. ते मला अजून अरे-तुरे करतात आणि मी त्यांना अजून साहेब म्हणतो. मात्र यंत्राबिंत्राचं काही असलं की गल्ली माझ्याकडे येते. फ्रिज कुठला घ्यावा, इन्व्हर्टर कुठला घ्यावा, सगळं मला विचारून. याचा मला अभिमान होता.

एक दिवस मुलगी आली आणि सरळच बोलली. तिच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, तुमच्या गल्लीतली बारा घरं आणून दे, तुला कायम करतो. नाशिकमध्येच जागा, घरून येऊन-जाऊन. तोवर ती मालेगाव-सटाण्याकडे शेतातले सोलर पंप जोडत फिरत होती, कुणाच्या तरी मागच्या खोलीत भाड्यानं राहून. पंधरा दिवसांतून एकदा यायची ती काळवंडून. "शे" आणि "नाय" असली तिकडची भाषा बोलायला लागली होती, त्याची मी चेष्टा करायचो, पण तिचे हाडं वर आलेले हात बघून आतून तुटायचंही. ती म्हणाली, पप्पा, आधी आपल्या घरावर बसवू. तीन महिने चालवून बघा. तुम्ही बरं म्हणालात तर गल्ली हो म्हणेल.

मी म्हटलं, मी आकडे बघेन. आकडे बरे असतील तर बरं म्हणेन, वाईट असतील तर वाईट म्हणेन. बाप म्हणून काही बोलणार नाही. तिनं मान डोलावली. तेव्हा मला हे बोलणं फार न्यायाचं वाटलं होतं.

फेब्रुवारीत पॅनल बसले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्याही वर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर. खालून दिसायचे नाहीत, उभी शिडी चढूनच जावं लागायचं. जिन्याखाली इन्व्हर्टरची पेटी बसवली, तिच्यावर आकडा उमटायचा. मुलीनं माझ्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. मी ते उघडलंसुद्धा नाही. ॲप कंपनीचं, आकडा कंपनीचा, मग तो वाईट कशाला दाखवेल? मी एक जाड वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला पेटीसमोर उभा राहून नोंद करायला लागलो. आकाश कसं, वारा कसा, तेही लिहायचो. बायको म्हणाली, निवृत्त झालेत असं वाटलं होतं, हे तर पुन्हा पाळीवर गेले.

सुरुवातीला दिवसाचे तेरा-साडेतेरा युनिट व्हायचे. वहीत लिहिताना मला जरा चुटपूट लागायची, कारण आकडा खरंच चांगला होता. बाकावर मंडळी विचारायची, काय म्हणतो तुमचा सूर्य? मी म्हणायचो, थांबा, नव्याचे नऊ दिवस.

आता माझी चूक सांगतो. ती सांगायला मला हे सगळं लिहावं लागलं.

पॅनल बसवले त्या दिवशी मुलगी म्हणाली, आठवड्यातून एकदा पाण्यानं धुवायचे, सकाळी उजाडता-उजाडता, काच गार असताना. मी हो म्हणालो. पहिल्या रविवारी बादली घेऊन शिडी चढलो, आणि वर जाऊन तसाच उभा राहिलो. हात पुढे जाईना.

आमच्या धंद्यात एक नियम हाडात भिनलेला असतो. चालू असलेल्या कशालाही हात लावायचा नाही. आधी परमिट घ्यायचं. म्हणजे ज्याच्या ताब्यात वीज आहे त्यानं ती बंद करायची, कुलूप लावायचं, कागदावर सही करून सांगायचं की बंद आहे, आणि तो कागद खिशात आल्यावरच पुढे जायचं. पॅनलचं असं आहे की उजेड पडला की त्यात वीज आली. खालचा खटका बंद करा नाहीतर काही करा, उजेड आहे तोवर पॅनल जिवंत. तो बंद करणार कोण? सूर्याचं परमिट कुणाकडे मागायचं? आणि वर आपण पाणी ओतायचं?

उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात, माझ्याबरोबरचा एक जण परमिटची वाट न बघता खांबावर चढला होता. बंदच आहे, असं त्याला कुणीतरी तोंडी सांगितलं होतं. ते बंद नव्हतं. मी खाली उभा होतो, त्याचा डबा माझ्या हातात होता. हे मी बायकोलाही धड सांगितलेलं नाही. मुलीला तर नाहीच.

तर मी बादली घेऊन खाली आलो. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कडदोऱ्याला. बायकोनं दोन-तीनदा म्हटलं, अहो, वर किती माती बसली असेल, मी जाऊन पुसते. मी तिच्यावर असा ओरडलो की तिनं पुन्हा नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

मार्चमध्ये मुलीचा फोन आला. बोलता बोलता तिनं विचारलं, पप्पा, धुताय ना? मी हो म्हणालो. का म्हणालो? भीती वाटते म्हटलं असतं तर तिनं मला समजावून सांगितलं असतं, की वरची काच बंदिस्त असते, तार शाबूत असली तर पाण्यानं काही होत नाही. आणि मला कालच्या पोरीकडून विजेचं समजावून घ्यायचं नव्हतं. इतकी साधी, इतकी हलकट गोष्ट होती ती. एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा जेवताना तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो. भाकरी वाढणाऱ्या बायकोचा हात जरासा थांबला.

आकडे मात्र उतरायला लागले होते. बारा, साडेअकरा, अकरा. यंदा अवकाळी पाऊसही आमच्या बाजूला फिरकला नाही. समोरच्या रस्त्याचं काम निघालेलं, ट्रक दिवसभर धुरळा उडवत जायचे. मी वहीत इमानानं लिहायचो, आकाश निरभ्र, ऊन कडक. धुरळ्याचं लिहिलं नाही. खरं सांगायचं तर तो माझ्या डोक्यातच आला नाही. डोक्यात एकच होतं, बघा, मी म्हणत नव्हतो? कंपनीनं हलका माल मारलाय आमच्या पोरीच्या गळ्यात. मला तिच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी आतून गुदगुल्याही होत होत्या. बाकावर मी आकडे वाचून दाखवायला लागलो. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून गप्प बसणाऱ्यातला मी नाही, असंही म्हणायचो वर.

मे महिन्यात एका रविवारी मुलगी तिच्या साहेबांना घेऊन आली. गल्लीतले सगळे आमच्या अंगणात बसले होते, बायकोनं पन्हं केलं होतं. मुलीनं इस्त्रीचा कुडता घातला होता. छान बोलली ती. कुठं किती पॅनल बसतील, कुणाच्या गच्चीवर आंब्याची सावली येते, सगळं प्रत्येकाच्या घराचं वेगवेगळं काढून आणलं होतं. साहेब कौतुकानं तिच्याकडे बघत होते. मग माझे शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, आता तू बोल.

मी वही उघडली. फेब्रुवारीचे आकडे वाचले, मग मार्च, मग एप्रिल, मग कालचा आकडा. नऊ. वही मिटून मी म्हणालो, "ऊन वाढलं आणि वीज कमी झाली. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा."

साहेब म्हणाले, फार तापलं की पॅनलचं थोडं कमी होतं. पण एवढं नाही, हे त्यांच्याच तोंडावर दिसत होतं. मुलीनं माझ्या हातातून वही घेतली आणि आकडे पुन्हा वाचले. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं,

"पप्पा, दर आठवड्याला धुतलेत ना?"

सगळ्यांदेखत, बारा घरांच्या साक्षीनं, मी म्हणालो, "हो. धुतलेत."

तिनं वही माझ्या हातात परत दिली. मंडळी बघू, विचार करू, पावसाळा होऊ द्या, असं म्हणत उठली. साहेब गाडीत बसून गेले, तीही त्यांच्याबरोबर काही कागद घेऊन गेली आणि संध्याकाळी रिक्षानं परत आली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला वर खडखड ऐकू आली. कडदोऱ्याची किल्ली बायकोनं मी झोपेत असताना काढून घेतली होती. मी धावत गच्चीवर गेलो तर मुलगी सांगाड्यावर चढलेली आणि बायको शिडीखाली पाण्याची बादली घेऊन उभी. पॅनल निळे असतात. ते आमच्या दारातल्या रस्त्यासारखे पांढरट दिसत होते. मुलीनं त्यावरून बोट ओढलं आणि बोटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मग तिनं तांब्या भरून घेतला, आणि माझ्या तोंडून जी किंचाळी निघाली ती शेजारपाजाऱ्यांनीही ऐकली असेल. पाणी पडलं. काही झालं नाही. चिखलाचे ओघळ वाहायला लागले, टाकीवरून, भिंतीवरून, खाली तुळशीवृंदावन असलेल्या शेजारच्या अंगणापर्यंत.

मी गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसलो. तिथंच, दोघींना, मी त्या खांबावरच्या माणसाचं सांगितलं, त्याच्या डब्यासकट. मुलगी खाली उतरली. हात पुसत म्हणाली की हे आधी सांगितलं असतं तर मी दर आठवड्याला सटाण्याहून येऊन धुवून गेले असते. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग ती आंघोळ करून ऑफिसला गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मी नोंद केली, तेरा युनिट. दुसऱ्या दिवशी सव्वातेरा. आठवडाभर तसेच. आठवड्यानं मुलीनं आईला फोनवर सांगितलं की महिनाअखेरीस कंत्राट संपतंय, पुढे वाढवत नाहीत. माझ्याशी ती रोजच्यासारखंच बोलली, जेवलात का, गोळी घेतली का.

मी वही काखोटीला मारली आणि शेजारी गेलो. म्हटलं, साहेब, चूक माझी होती, पॅनल धुतलेच नव्हते, खोटं बोललो, हे बघा नवे आकडे. तुम्ही हो म्हणा, बाकीचे म्हणतील. ते झोपाळ्यावर बसले होते. वहीला त्यांनी हातही लावला नाही.

"आकडे कोण बघत होतं रे?" ते म्हणाले. "तू तीन महिने तासातासाला त्या पेटीसमोर उभा राहायचास. आम्हाला वाटलं, सख्ख्या बापाचा पोरीवर भरवसा नाही, तर आपण कशाला ठेवायचा."

मी कंपनीवर संशय घेत होतो, हो. कोळशावाल्यांचा सोलरवर असतो तसा. पण माझ्या दारात उभं राहून बघणाऱ्याला त्या पेटीत माझी मुलगीच दिसत होती. आणि मला? मला दिसत नव्हती का ती? याचं उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही, आजही छातीवर हात ठेवून देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता बस पकडून सातपूरकडे तिच्या कंपनीत गेलो. साहेब भला माणूस. उठून उभे राहिले, काका म्हणाले, चहा सांगितला. मी चहाला हात न लावता सरळ म्हणालो की पॅनल चांगले आहेत, तुमचा मालही चांगला आहे, ते न धुतल्यानं आकडे पडले.

ते म्हणाले, हो, माहीत आहे. मी चकित झालो. म्हटलं, माहीत आहे? मग तिला का काढताय?

त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. मुलीचं अक्षर. तारीख तिनं पॅनल धुतले त्याच दिवसाची. लिहिलं होतं की सदर घरी पॅनल बसवल्यावर ते धुण्याची पद्धत ग्राहकास समजावून सांगण्याचं काम माझं होतं, ते माझ्याकडून राहून गेलं, त्यामुळे वीज कमी झाली, यात ग्राहकाचा दोष नाही. खाली सही.

साहेब म्हणाले, काका, मला तिला ठेवायचं होतं, पण लेखी चूक कबूल केल्यावर आणि बारा घरं हातची गेल्यावर वरच्यांना काय सांगणार? आणि खरं सांगू, स्वतःच्या वडिलांनाच पॅनल धुवायचे कसे ते सांगितलं नाही, हे मलाही पटलं नव्हतं. पण तिनं स्वतःच लिहून दिलं.

मी तो कागद दोनदा वाचला. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, खाडाखोड पकडली, चुकणाऱ्यांवर मेमो काढायला लावले. खोटी नोंद माझ्या नजरेतून कधी सुटली नाही. ही पहिली खोटी नोंद होती जी माझ्यासाठी केलेली होती.

मी म्हणालो, "साहेब, तिनं मला सांगितलं होतं. पॅनल बसवले त्याच दिवशी सांगितलं. नंतर तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा मी खोटं बोललो."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी सगळं लिहिलं, परमिटचं, कुलपाचं, अंगणात बोललो त्याचं, आणि खाली सही केली. त्यांनी तो कागद तिच्या कागदाशेजारी फाइलला लावला. म्हणाले, तिच्या जागेवर सोमवारपासून दुसरी मुलगी येतेय, काका, तिला कालच पत्र दिलं.